दोन्ही घरी जेवणारी

"तुला नाटक लिहून दे असं नाही म्हणत मी. एक वाक्य बोल फक्त. 'हे पान राहू द्या.' बस."

"मी कशाला बोलू? मी कमिटीत आहे का?"

"कमिटीत नाहीस म्हणून तर. तुझं सगळे ऐकतात. मतलब, तू कुणाच्याच गटात नाहीस ना."

"मग आता या वयात एखादा गट धरू?"

"आई, हा गट नाहीये. हे…" संपदाला मराठी शब्द सापडेना. "ये सही-गलत की बात है."

"सगळे गट असंच म्हणतात," सुधाताई म्हणाल्या आणि शेंगांचे दोरे काढायला खाली मान घालून बसल्या.

भांडण खरोखरच एका पानाचं होतं. जवाहर नगरातल्या त्या स्वयंपाकघरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी संपदानं एकांकिका लिहिली होती. जयपुरातच जन्मलेली, हिंदीतून शिकलेली, झालाना भागातल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी ही मुलगी. तिचं मराठी म्हणजे आईच्या तोंडून कानावर पडलेलं, अर्धंमुर्धं, पायाखालची फरशी हलावी तसं डगमगणारं. तिनं लिहायचं आणि सुधाताईंनी "मी ऑफिसला जाऊन राहिले" खोडून "निघाले" करायचं, अशी ती संहिता दोघींनी मिळून उभी केली होती. पाऊस पडत असायचा, चहा व्हायचा, एका शब्दावरून अर्धा तास हसणं व्हायचं. मुलगी इतकी जवळ येऊन बसल्याला सुधाताईंना किती वर्षं झाली होती, त्यांनाच आठवत नव्हतं.

त्या एका पानाला मात्र आईचा हात लागला नव्हता, कारण ते हिंदीत होतं.

गोष्ट अशी. सुधाताईंच्या घराच्या कोपऱ्याशी गल्ली संपते आणि टेकडीखालची कच्ची वस्ती सुरू होते. गळ्यातल्या साखळ्या ओढायचे एक-दोन प्रकार झाले, तेव्हा कॉलनीच्या विकास समितीनं तिथं लोखंडी फाटक बसवलं. रात्री कुलूप, सकाळी उघड. किल्ली समितीच्या सेक्रेटरींच्या घरी. फाटकावर चौकीदार नेमला, पण त्याच्या हाती किल्ली द्यायची नाही असं ठरलं, कारण चौकीदार वस्तीतलाच होता.

सुधाताईंकडे पोळ्या-भाजीला येणारी आक्काबाईही त्याच वस्तीतली. मूळची बार्शीकडची. रस्त्याच्या कामावर आलेल्या टोळीबरोबर नवी नवरी होऊन ती जयपुरात आली. टोळी पुढं गेली, ही इथंच रुजली. तिचा नवरा संगमरवर कापायच्या कारखान्यात होता आणि त्या पांढऱ्या धुळीनं त्याची छाती खाऊन टाकली होती. मागच्या थंडीत एका रात्री त्याला श्वास मिळेना. रिक्षा बोलावली ती कॉलनीच्या बाजूनं येऊन फाटकापाशी थांबली. माणूस पलीकडे, रिक्षा अलीकडे, मध्ये कुलूप. समितीच्या सेक्रेटरींचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी चौघांनी त्याला खाटेवर घातलं आणि नाल्याच्या अंगानं मोठा वळसा घालून मुख्य रस्त्याला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि मान हलवली.

आक्काबाईनं भरपाई मागितली नाही. कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणत होती की रात्रीपुरती किल्ली चौकीदारापाशी असू द्या. घरात तिची सून अवघडलेली होती, दिवाळीच्या सुमारास दिवस भरत होते, आणि बाळं काही घड्याळ बघून येत नाहीत. ती समितीकडे गेली, समिती म्हणाली पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, विचारा. ती पार्षदांच्या ऑफिसात गेली, तिथं दोन सकाळी बाकावर बसवून ठेवलं आणि सांगितलं की हा कॉलनीचा आपसातला मामला आहे, समितीला भेटा.

आणि हेच पार्षद या वर्षी मंडळाच्या गणपतीला प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते.

संपदाचा हिशेब सरळ होता. पुढाऱ्याला खुर्चीत बसवून, गळ्यात हार घालून, त्याला उठून जाता येणार नाही अशा जागी ही गोष्ट ऐकवायची. नाटकातला चौकीदार एरवी मराठी माणसांत राहून शिकलेली तोडकीमोडकी मराठी बोलतो, लोक हसतात. त्या एका पानावर मात्र तो स्वतःच्या भाषेत येतो आणि त्या रात्रीचं सगळं सांगतो. अख्ख्या नाटकात पार्षदांना कळेल असं तेवढं एकच पान. शेवटी चौकीदार म्हणतो, चाबी मेरे पास रहने दो साहब, बस इतना ही.

मंडळाच्या कमिटीनं ते पान वाचलं. मंडळात राजकारण नको, असं सगळे एका सुरात म्हणाले. मंडळाला सभागृहासाठी जागा हवी होती, पार्षदांनी शब्द टाकायचं कबूल केलं होतं, हे कुणी म्हणालं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. पण 'कापा' असं स्पष्ट म्हणायचीही सोय नव्हती. कारण नाटकातली तरुण मुलं, त्यात नुकतीच सोलापूरहून बदली होऊन आलेली बँकेतली कीर्ती सगळ्यांत पुढं, म्हणाली की पान गेलं तर आम्हीही गेलो.

असं घोडं अडलं होतं, म्हणून संपदा आईच्या मागं लागली होती.

"संध्याकाळी तालमीला सगळे असणार आहेत," ती म्हणाली. "तू बोल. तुझ्या आक्काबाईसाठी तरी."

"बघू," सुधाताई म्हणाल्या.

संध्याकाळी तालमीत त्यांना खरंच कुणीतरी विचारलं. सुधाताई, तुमचं काय मत? त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि म्हणाल्या की तुम्ही सगळे मिळून ठरवाल ते योग्यच असेल. ऐकून संपदाला वाटलं आईनं हात झटकले. सतीशना, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरींना, वाटलं वहिनी आपल्या बाजूच्या आहेत. कीर्तीला वाटलं काकू आपल्या बाजूच्या आहेत. आणि कुणीच काही न ठरवल्यामुळे पान जागच्या जागी राहिलं.

हे सुधाताईंना उत्तम जमायचं. त्यांना ते लहानपणी शिकवलं गेलं होतं.

मिरजेजवळच्या त्यांच्या गावात सोसायटीच्या निवडणुकीत वडील एका पॅनेलमध्ये उभे राहिले आणि काका दुसऱ्या. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन घरं. निवडणूक झाली, कोण निवडून आलं हेही पुढं लोक विसरले, पण भिंत उंच झाली. आजी गेली तेव्हा दोन्ही भाऊ खांदा द्यायला आले आणि तिरडीच्या दोन टोकांना राहिले. सुधाची आई शहाणी. ती लेकीला म्हणाली, तू पोर आहेस, तू दोन्ही घरी जेव. इकडचं तिकडं सांगू नको, तिकडचं इकडं आणू नको. सुधा दोन्ही घरी जेवली. काकूच्या हातची आमटी खाल्ली, आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि तोंडून कधी एक शब्द इकडचा तिकडं गेला नाही. दोन्ही घरांत तिच्याइतकी लाडकी पोर दुसरी नव्हती. तिचं लग्न ठरलं तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी साड्या आल्या.

नवरा मिळाला तोही जोडीला साजेसा. मोरेश्वर हसबनीस, विम्यात अधिकारी. बदलीचं बिऱ्हाड. नागपूर, भोपाळ, मग जयपूर. प्रत्येक गावात ते बायकोला सांगायचे की आपण इथं पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या घरच्या भांडणात बोलू नये. मतदारयादीत दोघांची नावं मिरजेला राहिली आणि मिरजेला जाणं व्हायचं ते मे महिन्यात, त्यामुळे मत असं त्यांनी आयुष्यात फारसं दिलंच नाही. मोरेश्वरांना याचा अभिमान होता. पेपर आला की ते शेवटच्या पानावरून सुरुवात करायचे आणि पहिल्या पानापर्यंत कधी पोचायचे नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, आमचा पक्ष क्रिकेटचा. जयपुरात घर झालं, संपदा झाली, निवृत्ती झाली, चार वर्षांपूर्वी मोरेश्वर गेलेही, आणि तिसाहून जास्त वर्षं होऊनही हे बिऱ्हाड तिथं पाहुणंच होतं. फाटकाची सभा झाली तेव्हा सुधाताईंचं डोकं दुखत होतं. अशा सभांच्या दिवशी ते नेमकं दुखायचं आणि खरोखरच दुखायचं.

या बाईला मंडळात जागा मिळाली तीही अशीच. विंगेत. दर गणपतीला नाटक व्हायचं आणि दर नाटकाला सुधाताई प्रॉम्प्टर. बदलीची मंडळी, कुणाला तालमीला वेळ नाही, पुढच्या पिढीला देवनागरी वाचता येते पण मराठी जोडाक्षरावर जीभ अडखळते, तेव्हा प्रॉम्प्टरवाचून तिथं पडदा वर जाणंच शक्य नव्हतं. काळोखात स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन त्या वाक्यं देत. आवाज असा काढत की तो पहिल्या रांगेला कळू नये आणि नटाच्या कानात मात्र नेमका पडावा. कुणाला वाक्याचा पहिला शब्द पुरतो, कुणाला तीन लागतात, कुणाला नुसता श्वास ऐकवला तरी पुढचं आठवतं, हे त्यांना पाठ होतं. किती राजे, किती खलनायक, किती सासवा त्यांच्या ओठांवरून रंगमंचावर गेल्या. माईकवर नाव घ्यायचं म्हटलं की त्या हात जोडत. मी काय केलं, म्हणत, लिहिलेलं वाचलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सतीश घरी आले. दुष्ट माणूस नव्हे. मोरेश्वर गेले तेव्हा दवाखान्यात रात्रभर हाच बसला होता, पेन्शनच्या कामाला यानंच खेटे घातले होते. संपदा ऑफिसात असताना ते आले, हे सुधाताईंच्या लक्षात आलं. त्यांनी कॉफी केली.

"वहिनी, कापा असं मी म्हणणार नाही," सतीश म्हणाले. "कापलं की ती पोरं उठून जातील आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर येईल, मंडळानं तोंड दाबलं म्हणून. मी म्हणतोय वेगळंच. चौकीदाराचं काम वसंतराव करतायत. आवाज अजून खणखणीत, पण डोकं? परवा तालमीत माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही कोण. आता असा माणूस एखादं पान विसरला तर कुणाचा दोष? कुणाचाच नाही."

सुधाताईंनी कॉफीचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"तुम्ही करा, असं मी म्हणत नाही हं. कुठलं वाक्य द्यायचं ते तुम्हालाच जास्त कळतं. सभागृह झालं तर मोरेश्वरांचं नाव देऊ एखाद्या खोलीला, असं माझ्या मनात आहे. ते आपलं असंच. कॉफी मस्त झालीय."

"बघू," सुधाताई म्हणाल्या.

रात्री त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. एका बाजूला संपदा आणि आक्काबाई, दुसऱ्या बाजूला सतीश आणि अख्खं मंडळ, ज्याच्यावाचून या परक्या गावात त्यांना हळदीकुंकवाला एक बाई मिळाली नसती. मग त्यांना मार्ग सापडला आणि झोप लागली. त्या पानावर आपण गप्प राहायचं. हे वाक्य द्यायचं नाही, तेही द्यायचं नाही. वसंतरावांना आठवलं तर संपदाचं नशीब. नाही आठवलं तर सतीशचं. आपला संबंध नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी भाड्याचं सभागृह भरलं. मालवीय नगरातून, टोंक रोडवरून, कुठून कुठून माणसं आली. बायकांच्या पैठण्या निघाल्या, मोदकांचे डबे निघाले. पार्षद उशिरा आले, पहिल्या रांगेत मधोमध बसले आणि मोबाईल काढला. संपदा मागं दिव्यांच्या टेबलाशी होती. तिच्याजवळ, अगदी शेवटच्या रांगेत, आक्काबाई बसली होती. धुवून घडी मोडलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. बरोबर ती अवघडलेली सून. मंडळाच्या कार्यक्रमाला आक्काबाई पहिल्यांदाच आली होती. बार्शीची बाई इतकी वर्षं जयपुरात होती, पण मराठी मंडळात तिलाही यावं असं कुणाला कधी सुचलं नव्हतं, सुधाताईंनाही नाही.

पडदा उघडण्याआधी वसंतराव विंगेत आले. अंगात खाकी शर्ट, हातात काठी, डोळ्यांत घाबरलेलं मूल.

"सुधाताई, तुम्ही आहात ना इथं?"

"आहे की."

"मग मला काळजी नाही," ते म्हणाले आणि गेले.

नाटक रंगलं. वसंतरावांच्या मोडक्या मराठीला टाळ्या पडल्या. सुधाताई त्यांना तीन-तीन शब्द देत राहिल्या आणि ते एखाद्या कसलेल्या नटासारखे बोलत राहिले. आक्काबाईची भूमिका कीर्ती करत होती. ते पान आलं. कीर्ती रंगमंचाच्या मधोमध आली, वसंतरावांसमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "भैया, त्या रात्री तू कुठं होतास?"

वसंतरावांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

सुधाताई गप्प बसल्या. ठरल्याप्रमाणे.

सुरुवातीला लोकांना तो अभिनयच वाटला. सभागृह शांत झालं. इतकं शांत, की पार्षदांनी मोबाईलमधून मान वर काढली आणि रंगमंचाकडे पाहिलं. पहिल्यांदाच. त्या क्षणी चौकीदार जे बोलला असता ते त्यांना ऐकावंच लागलं असतं. वसंतरावांची मान किंचित विंगेकडे वळली. वाक्य आलं नाही. त्यांच्या हातातली काठी फळ्यांवर टकटक वाजायला लागली. कुणीतरी खोकलं. मागून एक मूल हसलं. मग त्या म्हाताऱ्या माणसानं सगळं सोडलं आणि सरळ विंगेतल्या काळोखात तोंड करून तो सुधाताईंकडे बघायला लागला.

गप्प बसणं इतकं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांना ते सोपं गेलं होतं. साहब, चाबी मेरे पास नहीं थी. वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. बॅटरीच्या पिवळ्या ठिपक्याखाली ते लिहिलेलंही होतं. समोरच्या विंगेत सतीश उभे होते, हाताची घडी घालून, आणि ते वसंतरावांकडे नव्हते बघत, सुधाताईंकडे बघत होते. म्हातारा अजून विंगेकडेच बघत होता. काहीतरी द्यायलाच हवं होतं. काहीही. काहीच न देता राहायची जागाच उरली नव्हती.

सुधाताईंनी पान उलटलं.

"चला बाई, दिवे लागले," त्यांनी पुढच्या पानावरचं पहिलं वाक्य दिलं.

"चला बाई, दिवे लागले," वसंतराव गरजले. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. कीर्तीनं एकदा विंगेकडे पाहिलं. मग तिचंही पुढचं वाक्य आलं, कारण रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाला पुढं जावंच लागतं. नाटक मधला खड्डा ओलांडून सुरळीत शेवटाला पोचलं. ज्यांनी संहिता वाचली नव्हती त्यांना काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

पार्षदांनी भाषण केलं. मराठी समझ में तो नहीं आई, पर भाव सब समझ गए, असं ते म्हणाले. सभागृहाचं बघतो म्हणाले. टाळ्या झाल्या. वसंतराव विंगेत आले आणि त्यांनी सुधाताईंचे दोन्ही हात धरले. "वाचवलंत मला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. सुधाताईंना हात सोडवून घेता येईना.

खुर्च्यांच्या घड्या व्हायला लागल्या तरी मागच्या रांगेतली एक बाई बसूनच होती. मंडपवाला पोरगा तिच्या खुर्चीसाठी थांबला होता. संपदा तिच्याकडे गेली. सुधाताई पडद्याच्या फटीतून बघत होत्या, आणि ऐकू यावं इतक्याच अंतरावर होत्या.

"ताई, मधली सुट्टी हाय व्हय?" आक्काबाईनं विचारलं. "चौकीदार आता बोलंल न्हवं?"

संपदानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. सुनेनं खुर्चीच्या पाठीला धरून, पोटाला हात लावून, स्वतःला उभं केलं.

घरी मायलेकी एका रिक्षातून आल्या. संपदानं स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी सतीशचा फोन आला. पार्षद फार खूश होते. वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू, असं ते बोलत राहिले आणि सुधाताई हूं हूं करत राहिल्या. फोन ठेवताना ते म्हणाले की फाटकाचंही बघू आपण, सभागृहाचं एकदा हातात आलं की. आत्ता नको विषय.

आक्काबाई रोजच्या वेळेला आली. चपला दाराशी काढल्या, हात धुतले, कणीक घेतली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सुधाताईंना बरं वाटलं असतं. संपदा ऑफिसला निघायची तयारी करून, खांद्याला बॅग लावून, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि निघत नव्हती.

"सुनेला तिच्या माहेरी धाडत्येय," आक्काबाई कणीक मळता मळता म्हणाली. "दौशाकडं. तिची आई न्हाई वो, भावजयी हायेत नुसत्या. त्या काय करत्यात देव जाणे. पर हितं नगं."

"अगं, इतक्यात कशाला," सुधाताई म्हणाल्या. "होईल काहीतरी."

आक्काबाईनं कणकेला तेलाचा हात लावला. मग तिनंच विषय काढला, आणि तोही अगदी मऊपणानं.

"वैनी, त्या म्हाताऱ्या सायबास्नी आठवलं न्हाई व्हय?"

सुटकेचं दार उघडं होतं. आक्काबाईनं स्वतःच्या हातानं उघडून दिलं होतं. त्यातून बाहेर पडायला फक्त एक 'हो' पुरे होता, आणि त्यानं कुणाचंच नाव खराब होणार नव्हतं, एका विसरभोळ्या म्हाताऱ्याखेरीज.

"वय झालंय गं त्यांचं," सुधाताई म्हणाल्या.

"आई."

सुधाताईंनी वर पाहिलं नाही.

"आई, ते विसरले. ठीक है. विसरतातच ते. तू काय दिलंस त्यांना?"

"अगं, ते उभे होते नुसते. लोक हसायला लागले होते. मला काहीतरी…"

"काय दिलंस?"

गॅसवर तवा तापत होता. आक्काबाईचे हात कणकेत थांबले होते. ती एकदा आईकडे, एकदा लेकीकडे बघत होती.

"कीर्तीनं ऐकलं," संपदा आता आईशी नव्हे, आक्काबाईशी बोलत होती. "चौकीदाराचं पान समोर होतं, आक्का. आईनं ते उलटलं. पुढचं वाक्य दिलं. ते विसरले म्हणून नाही गेलं तुझं पान. आईनं नेलं."

इतकी सरळ मराठी वाक्यं संपदा आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती, आणि त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

सुधाताई खुर्चीवरून उठल्या. त्यांना आक्काबाईच्या दंडाला हात लावायचा होता, पण लावला नाही. "ऐक माझं," त्या म्हणाल्या. "मी कुणाच्या बाजूनं नव्हते गं. शपथेवर सांगते. सतीश म्हणाले तरी मी हो म्हटलं नव्हतं. मी ठरवलं होतं की काहीच बोलायचं नाही. खरंच काही बोलायचं नव्हतं मला. मला राजकारणातलं काय कळतं? मी कधी कुणाचं वाईट केलं नाही, इतकी वर्षं तू येतेस घरी, तू बघितलंयस. तुझा नवरा गेला तेव्हा मी रडले होते की नाही? सांग ना. आक्काबाई, तुला तरी पटतंय ना?"

आक्काबाईनं बोटांना चिकटलेली कणीक एकेक करून काढली आणि परातीत टाकली. गोळा झाकून ठेवला. गॅस बंद केला. नळाखाली हात धुतले, नेहमीसारखे, कोपरापर्यंत. पदराला पुसले.

"आक्काबाई, अगं बोल काहीतरी."

संपदा दारातून बाजूला झाली. आक्काबाईनं चपला पायांत सरकवल्या आणि ती जिन्यानं खाली उतरून गेली.